शिकलेल्यांची भानामती

भानामती हा शब्द इतरांना पुस्तकातून कळतो. मराठवाड्यातल्या माणसाला तो घरातून कळलेला असतो. घरावर दगड पडतात आणि टाकणारा दिसत नाही. वलणीवरचे लुगडे आपोआप पेट घेते. दुभती म्हैस एकाएकी आटते. बाई घुमू लागते, भुंकू लागते. मग कुजबुज सुरू होते, देवऋषी येतो, तो कुणाचे तरी नाव सुचवतो, आणि ते नाव बहुधा एखाद्या विधवेचे, नवऱ्याने टाकलेल्या बाईचे, नाही तर गावकुसाबाहेरच्या घराचे असते. माजलगावच्या बाजारात आजूबाजूच्या खेड्यांतून आलेली चार म्हातारी माणसे एकत्र बसवली तर अशा चार हकिकती सहज निघतील.

या हकिकतींना आपण अंधश्रद्धा म्हणतो, आणि ते योग्यच आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला, त्यानंतर महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. एखादी व्यक्ती करणी करते, भूत लावते, मंत्राने जनावराचे दूध आटवते असे भासवून तिचे जगणे असह्य करणे हा आता गुन्हा आहे. कायदा हवाच होता. परंतु या विषयावर बोलणाऱ्या शहरी, सुशिक्षित माणसाच्या मनात एक गृहीत पक्के बसलेले असते: अंधश्रद्धा ही अडाण्याची, खेडवळाची, खालच्या जातीतल्याची, आणि शिक्षण हा तिच्यावरचा उतारा. हे गृहीत आता आमच्या वस्त्यांतही येऊन पोचले आहे. पोरगा इंजिनिअर झाला की तो बुद्धिप्रामाण्यवादी झालाच, असे आईबाप धरून चालतात. आईबापांचे सोडा, आमचे कार्यकर्तेही तसेच धरून चालतात.

मग वर सांगितलेलीच हकिकत, म्हणजे रात्रीचे दिवे, मेलेली गुरे, घरात हलणाऱ्या वस्तू, अंगणातल्या सावल्या, ही जर पदार्थविज्ञानातला डॉक्टर, विमानांचा अभियंता आणि अंतराळयानाचे भाग बनवणारा उद्योगपती सांगू लागला तर तिला काय म्हणायचे? हा प्रश्न मनाने रचलेला नाही. अमेरिकेत हे घडले आहे, सरकारी पैशाने घडले आहे, आणि त्याची कागदपत्रे उपलब्ध आहेत.

अमेरिकेच्या यूटा राज्यात, यूट आदिवासींच्या राखीव प्रदेशाला लागून, सुमारे पाचशे एकरांचे एक गुरांचे कुरण आहे. तिथे राहणाऱ्या कुटुंबाने १९९६ मध्ये वर्तमानपत्राला सांगितले की रात्री आकाशात चमत्कारिक दिवे दिसतात, गुरे नाहीशी होतात, काही चिरलेली सापडतात. त्याच वर्षी रॉबर्ट बिगेलो या लास व्हेगासच्या धनिकाने ते कुरण विकत घेतले. भाड्याच्या खोल्यांच्या धंद्यात हा गृहस्थ गबर झालेला. पुढे १९९९ मध्ये त्याने अंतराळयानांचे फुगवता येणारे कक्ष बनवणारी कंपनी काढली, आणि तिचा एक कक्ष २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाला खरोखर जोडला गेला. म्हणजे माणूस केवळ बोलघेवडा नव्हे. त्याने १९९५ मध्येच एक खाजगी संशोधन संस्था स्थापन केली होती. त्या संस्थेचे पदवीधर, डॉक्टरेट घेतलेले लोक कॅमेरे आणि मोजयंत्रे घेऊन कुरणावर वर्षानुवर्षे पहारा देत बसले. २००४ मध्ये संस्था बंद पडली. शास्त्रीय नियतकालिकात छापता येईल असा पुरावा हाती लागला नाही, हे त्यांच्यातल्याच लोकांनी लिहून ठेवले आहे.

इथे गोष्ट संपायला हवी होती. ती संपली नाही, कारण बिगेलोचा स्नेही हॅरी रीड हा नेवाडा राज्याचा सिनेटर होता. त्याच्या खटपटीने २००८ च्या सुमारास अमेरिकी संरक्षण खात्याच्या गुप्तवार्ता विभागाने एक योजना मंजूर केली आणि तिचे काम बिगेलोच्याच कंपनीला मिळाले. रक्कम २ कोटी २० लाख डॉलर, त्या वेळच्या भावाने जवळपास शंभर कोटी रुपये. कागदावरचा हेतू भविष्यातल्या शस्त्रांचा आणि विमानांचा अभ्यास. त्यातून अवकाशातल्या भुयारांवर आणि प्रकाशाहून वेगवान प्रवासावर ३८ निबंध तयार झाले, आणि त्याच पैशात कुरणावरच्या भुताटकीचीही चौकशी झाली. या योजनेच्या चालकांनी २०२१ मध्ये पुस्तक लिहून सांगितले की कुरणावर जाऊन आलेल्या अधिकाऱ्यांच्या घरी नंतर निळे गोळे दिसू लागले, बायकामुलांना अंगणात लांडग्यासारखी आकृती दिसली, खोल्यांतून पावले वाजली. म्हणजे तिथले जे काही होते ते माणसाच्या मागोमाग घरी आले.

मराठवाड्यात याला बाधा म्हणतात. बाधा घेऊन घरी आलेल्या माणसाला आपण आधी दारातच थांबवून त्याच्यावरून भाकरतुकडा उतरून टाकत असू. यूटातल्या कहाणीत आणि आपल्या कहाणीत एका बाबतीत मात्र मोठा फरक आहे. आपल्याकडे म्हैस आटली तर म्हातारीला झाडाला बांधून मारतात; तिकडे गाय मेली तर शंभर कोटींचे कंत्राट निघते. विश्वास तोच आहे. विश्वास ठेवणाऱ्याचे समाजातले स्थान वेगळे आहे, म्हणून एकाच्या विश्वासाला अंधश्रद्धा म्हणतात आणि दुसऱ्याच्या विश्वासाला संशोधन. आणि त्या कुरणाच्या शेजारी पिढ्यान्‌पिढ्या राहणारे आदिवासी? त्यांना या कारभारात काही मिळाले नाही. नाव्हाहो आदिवासींच्या परंपरेतल्या एका दुष्ट मांत्रिकाचे नाव तेवढे उचलून कुरणाला दिले गेले, आणि २०२० पासून त्या नावाने दूरचित्रवाणीवर मालिका विकली जाते आहे.

उडत्या तबकड्यांचा हा विषय जुना आहे. २४ जून १९४७ रोजी केनेथ अरनॉल्ड नावाच्या विमानचालकाला डोंगरावरून उडणाऱ्या नऊ चकचकीत वस्तू दिसल्या. पाण्यावर भाकरीचा खेळ करताना खापरी जशी टप्पे घेते तशी त्यांची चाल होती, असे त्याच्या सांगण्याचे तात्पर्य. बातमीदारांनी चालीचा आकार करून टाकला, आणि जगाला तबकडी मिळाली. पुढे लोकांना तबकड्याच दिसू लागल्या, हे विशेष. अमेरिकी हवाई दलाने १९६९ पर्यंत १२,६१८ हकिकती तपासल्या. त्यांपैकी ७०१ चा उलगडा झाला नाही. श्रद्धाळू माणूस या ७०१ वर बोट ठेवतो. परंतु उलगडा न होणे याचा अर्थ तपासायला पुरेशी माहिती नसणे एवढाच असतो. गावातल्या प्रत्येक चोरीचा तपास लागत नाही. म्हणून न लागलेल्या चोऱ्या भुतांनी केल्या असे फौजदार लिहीत नाही.

शास्त्रज्ञ आणि अभियंते या जाळ्यात कसे सापडतात, हे नीट समजून घेतले पाहिजे. नुसते हसून चालणार नाही. हॅल पुटहॉफ हा लेझर किरणांचा जाणकार. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या एका मोठ्या संशोधन संस्थेत त्याने आणि रसेल टार्गने युरी गेलर या इस्रायली जादूगाराच्या अंगी असलेल्या कथित अतींद्रिय शक्तीची परीक्षा घेतली, आणि ती शक्ती खरी असावी असा निर्वाळा दिला. १९७४ मध्ये तो निबंध ‘नेचर’ या जगन्मान्य नियतकालिकात, संपादकांच्या सावध टिपणीसह का होईना, छापून आला. रंगमंचावरच्या जादूगारांना मात्र गेलरची हातचलाखी दिसत होती. जेम्स रँडी या जादूगाराने तेच चमचे वाकवून दाखवले. याचे कारण असे की पदार्थवैज्ञानिकाचा आयुष्यभराचा व्यवहार निसर्गाशी असतो, आणि निसर्ग अवघड असला तरी लबाड नसतो. प्रयोगशाळेतली किरणशलाका तुम्हाला मुद्दाम फसवत नाही. माणूस फसवतो. फसवणुकीची पारख ही वेगळी विद्या आहे, आणि ती अभियांत्रिकीच्या महाविद्यालयात शिकवत नाहीत. आठवड्याच्या बाजारात पाल टाकणाऱ्या बाईला ती जास्त अवगत असते. हाच पुटहॉफ तीस-पस्तीस वर्षांनी बिगेलोच्या योजनेत वर सांगितलेले ३८ निबंध जमवताना दिसतो.

दुसरे कारण यंत्रावरचा विश्वास. माणसाचे डोळे फसतात, पण यंत्राने टिपले ते खरे, ही अभियंत्याची वृत्ती. २०१७ च्या डिसेंबरात ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने या गुप्त योजनेची बातमी पहिल्या पानावर दिली, आणि लढाऊ विमानांतून घेतलेली काही चित्रणे जगभर फिरली. त्यानंतर गाजलेल्या एका चित्रणात समुद्रावरून एक ठिपका विजेच्या वेगाने जाताना दिसतो. नासाने नेमलेल्या अभ्यासगटाने २०२३ मध्ये त्याच चित्रणावरच्या आकड्यांतून हिशेब केला: ठिपका सुमारे १३,००० फूट उंचीवर होता आणि त्याचा वेग ताशी ४० मैलांच्या आसपास होता. म्हणजे वाऱ्यावर वाहणाऱ्या वस्तूचा वेग. धावत होते ते कॅमेरा लावलेले विमान. एसटीच्या खिडकीतून जवळची बाभळ मागे पळताना दिसते, तसलाच हा प्रकार.

आणि तिसरे, सर्वांत घातक कारण: गुप्तता. संरक्षण खात्यातला माणूस म्हणतो, पुरावा आहे पण दाखवता येत नाही. हे वाक्य कोणत्याही देवळाच्या गाभाऱ्याबाहेर ऐकायला मिळते. आत सर्वांना प्रवेश नाही, म्हणून आत काय आहे याबद्दल पुजाऱ्याचा शब्द शेवटचा. २६ जुलै २०२३ रोजी डेव्हिड ग्रश या माजी गुप्तवार्ता अधिकाऱ्याने अमेरिकी लोकप्रतिनिधींसमोर शपथेवर सांगितले की सरकारकडे मानवाने न बनवलेली याने आहेत. त्याने स्वतः पाहिले नव्हते. इतरांनी त्याला सांगितले होते. मार्च २०२४ मध्ये संरक्षण खात्याच्या चौकशी कार्यालयाने १९४५ पासूनची दप्तरे तपासून अहवाल दिला: असा कोणताही पुरावा नाही, आणि या दाव्यांचा उगम पाहता तीच ती मोजकी मंडळी एकमेकांचे ऐकून एकमेकांना सांगत आली आहेत. ज्या धातूच्या तुकड्याला परग्रहाचा म्हणून मिरवले जात होते, तो ओक रिजच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेने तपासला. तो पृथ्वीवरच्या मॅग्नेशियमचा मिश्रधातू निघाला. पारावरची अफवा आणि ही अफवा यांच्या वाढीत काही फरक असेल तर तो गळ्यातल्या टायचा.

तरीही ओघ आटत नाही, कारण पैसा आहे. हार्वर्डचे खगोलशास्त्रज्ञ आवी लोब यांनी २०२१ मध्ये परग्रहवासींच्या यंत्रांचा शोध घेणारा प्रकल्प काढला, आणि आभासी चलनाच्या धंद्यातल्या एका धनिकाने दिलेल्या पंधरा लाख डॉलरांवर २०२३ मध्ये प्रशांत महासागराच्या तळातून २०१४ मधल्या एका उल्केचे कण गोळा करायला ते गेले. उल्का कुठे पडली हे ठरवण्यासाठी मानुस बेटावरच्या भूकंपमापकाची नोंद वापरली होती. २०२४ मध्ये दुसऱ्या शास्त्रज्ञांनी ती नोंद बारकाईने पाहिली. ती नोंद जवळच्या रस्त्यावरून जाणाऱ्या मालमोटारीची निघाली. लोब यांनी आपला दावा सोडलेला नाही. स्टॅनफर्डचे प्राध्यापक गॅरी नोलन यांच्यासारखे लोकही आता याच विषयाची प्रतिष्ठाने काढीत आहेत.

परग्रहावरच्या जीवांचा विचार करणेच चूक, असे मला मुळीच म्हणायचे नाही. विचार कसा करावा याचे उदाहरण आपल्याजवळच आहे. जयंत नारळीकर (मृत्यू २० मे २०२५) यांना अंतराळातून पृथ्वीवर सूक्ष्मजीव येत असावेत या कल्पनेविषयी ओढ होती. त्यांचे गुरू फ्रेड हॉइल यांचे तर ते मतच होते. नारळीकरांनी काय केले? इस्रोच्या साह्याने हैदराबादहून २००१ मध्ये आणि पुन्हा २००५ मध्ये मोठे फुगे वर सोडले. २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा निर्जंतुक नळ्यांत भरून आणली आणि ती वेगवेगळ्या प्रयोगशाळांत तपासली. तीन नव्या जातींचे जिवाणू सापडले. एकाला हॉइल यांचे नाव दिले, एकाला इस्रोचे, एकाला आर्यभटाचे. २००९ मध्ये निष्कर्ष जाहीर झाला तेव्हा त्यात स्पष्ट म्हटले होते की हे जिवाणू पृथ्वीबाहेरून आले असे यावरून निर्विवाद सिद्ध होत नाही. मनाला जे उत्तर हवे होते ते हाताशी आले होते. हात आखडला तो शिस्तीने. त्याच सुमारास नारळीकरांनी दाभोलकर आणि इतर सहकाऱ्यांबरोबर फलज्योतिषाचीही परीक्षा घेतली. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या कुंडल्या मिसळून २७ ज्योतिषांना दिल्या; बरोबर उत्तरे सरासरी ४६ टक्के आली, छापा-काटा करून ५० टक्के आली असती. स्वतःच्या आवडीच्या कल्पनेला आणि बाजारातल्या ज्योतिषाला एकच माप लावणे, ही ती शिस्त.

भगवान बुद्धांनी केसपुत्ताच्या कालामांना सांगितले ते याहून वेगळे नाही. परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, सांगणारा आपला पूज्य आहे म्हणून स्वीकारू नका. त्यातला शेवटचा भाग आपल्यासाठी फार महत्त्वाचा आहे. पोथीला नकार द्यायला आपण १४ ऑक्टोबर १९५६ पासून शिकलो. पदवीला प्रश्न विचारायला अजून शिकायचे आहे.

कारण हे प्रकरण अमेरिकेत राहिलेले नाही. यूटाच्या कुरणाची मालिका दाखवणाऱ्या त्याच वाहिनीवर आणखी एक मालिका चालते. प्राचीन काळी परग्रहवासी पृथ्वीवर आले आणि मोठमोठ्या वास्तू त्यांनीच उभारल्या, असा तिचा विषय. मूळ कल्पना रूढ केली एरिक फॉन डेनिकेन या स्विस हॉटेलवाल्याने, १९६८ च्या आपल्या पुस्तकातून. ते मराठीतही आले आणि भरपूर वाचले गेले. या मालिकेने आणि तिच्या मागोमाग निघालेल्या असंख्य चलच्चित्रांनी वेरूळचे कैलास लेणेही परग्रहवासींच्या नावे लावून टाकले आहे. अभियांत्रिकीची मुले ही चित्रे एकमेकांना पाठवतात. त्यांचा युक्तिवाद अभियंत्याच्या भाषेत असतो: दोन ते चार लाख टन खडक, अठरा वर्षे, हातातली छिन्नी, गणित बसत नाही, म्हणून ते माणसाचे काम नव्हे.

गणितच करायचे तर करू. लेणे क्रमांक १६, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातले, म्हणजे आठव्या शतकाच्या उत्तरार्धातले. अठरा वर्षांना कोणत्याही शिलालेखाचा आधार नाही. आणि लेण्याचे सर्व भाग एकाच राजाच्या काळात झाले असेही पुरातत्त्वज्ञ मानीत नाहीत. म. के. ढवळीकर यांनी हिशेब मांडला तो असा: एक माणूस दिवसाला सुमारे चार घनफूट खडक फोडतो, अडीचशे माणसे असतील तर साडेपाच वर्षांत हे खोदकाम होते. चार घनफूट बेसाल्ट म्हणजे साधारण ३२० ते ३३० किलो. अडीचशे माणसांचे दिवसाला ८० टन. साडेपाच वर्षांत दीड लाख टनांच्या वर. माणसे दुप्पट धरा, वर्षे दुप्पट धरा, चार लाखांचा आकडाही आवाक्यात येतो. शिवाय कैलास वरून खाली खोदले आहे. आधी डोंगरात तीन बाजूंनी चर, मग मधल्या सुट्या खडकातून शिखर, मग खालचे मजले. म्हणजे पालख बांधायला नको, आणि फोडलेला दगड उतारावर ढकलता येतो. भिंतींवर छिन्नीचे घाव आजही दिसतात. अजिंठ्याचे चोविसावे लेणे अर्धवट राहिले आहे. खोदकाम कसकसे पुढे सरकत होते ते तिथे धड्यासारखे वाचता येते. परग्रहवासींनी काम अर्धवट सोडले असेल तर त्यांनाही मजुरी थकली होती असे म्हणावे लागेल.

या गणितात अडीचशे हा आकडा आहे, आणि ती अडीचशे माणसे होती. इसवी सन ८१२-१३ च्या बडोदे ताम्रपटात या देवळाचा उल्लेख आहे. त्यात म्हटले आहे की आकाशातून विमानांनी जाणाऱ्या देवांना ते पाहून आश्चर्य वाटले, आणि ज्याने ते घडवले त्या कारागिराला स्वतःलाच हे आपल्या हातून कसे झाले याचा अचंबा वाटला. बघा, त्या काळच्या स्तुतिपाठकाने देखील विमानातल्यांना फक्त प्रेक्षक केले आहे. घडवणारा माणूस आहे. त्या माणसाचे नाव ताम्रपटात नाही, राजाचे आहे. मराठी दंतकथेने तरी पैठणच्या कोकसाची आठवण ठेवली. आता एकविसाव्या शतकात ही उरलीसुरली आठवणही पुसून श्रेय आकाशात पाठवायचे. आधी राजाने घेतले, मग देवाने घेतले, आता परग्रहवासी घेत आहेत. दगड फोडणाऱ्याच्या वाट्याला दगडच.

वडार, पाथरवट, बेलदार अजून आपल्यात आहेत. खडकाची शीर कुठे असते, पाचर कुठे ठोकायची, हे त्यांच्यातल्या म्हाताऱ्याला विचारा. माजलगावला सिंदफणेवर १९८७ मध्ये पुरे झालेले धरण आहे. सुमारे साडेसहा किलोमीटर लांब, उंची शंभर फुटांच्या आसपास. त्याच्या भिंतीवर माती टाकणाऱ्या बायकांची नावे कुठे कोरलेली नाहीत. बाराशे वर्षांनी तिथेही एखादा हुशार माणूस उभा राहून म्हणेल, एवढी माती माणसाने वाहिली असणे शक्य नाही.

आपल्याकडच्या प्रस्थापितांनी या कल्पनेला आणखी एक देशी वळण दिले आहे. परग्रहवासी कशाला, आमच्याच ऋषींकडे विमाने होती! वैमानिक शास्त्र म्हणून जो ग्रंथ दाखवला जातो तो बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच जणांनी १९७४ मध्येच तपासला होता. ग्रंथ विसाव्या शतकातला आहे, आणि त्यात वर्णन केलेले एकही विमान उडू शकणार नाही, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. तरी ४ जानेवारी २०१५ रोजी मुंबई विद्यापीठात भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये वैमानिक प्रशिक्षण केंद्राच्या एका निवृत्त प्राचार्यांनी त्याच ग्रंथाच्या आधारे निबंध वाचला: प्राचीन विमाने एका ग्रहावरून दुसऱ्या ग्रहावर जात, मागेही जात. विज्ञानाच्या व्यासपीठावर ते वाचायला परवानगी मिळाली, ही खरी बातमी. सगळे ज्ञान पोथीत होते असे एकदा ठरले की पोथी ज्यांच्या ताब्यात होती तेच शास्त्रज्ञ ठरतात, आणि ज्यांना ती वाचायची बंदी होती त्यांच्या हातातले लोहारकाम, चर्मकाम, पाथरकाम हे ज्ञान नव्हतेच असे आपोआप सिद्ध होते. डेनिकेन आणि हे प्राचार्य यांचे याबाबतीत एकमत आहे.

मात्र आकाशातल्या दिव्याची खरी किंमत जमिनीवरच्या माणसाला मोजावी लागते. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी महाराष्ट्रभर लोकांनी आकाशातून जळत जाणाऱ्या रेघा पाहिल्या. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावी सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे पडले, आसपास गोळेही सापडले. अवकाशातल्या कचऱ्यावर नजर ठेवणाऱ्यांनी ते चीनच्या अग्निबाणाचे अवशेष असल्याचे सांगितले. तिथे सुदैवाने कुणाच्या डोक्यावर काही पडले नाही, आणि कुणावर संशयही आला नाही. २०२४ च्या पावसाळ्यात बीड, जालना आणि शेजारच्या जिल्ह्यांत रात्री ड्रोन फिरत असल्याचा बोभाटा झाला तेव्हा वातावरण वेगळे होते. चोर घरे हेरताहेत, असा अर्थ लावला गेला. गावोगाव तरुण काठ्या घेऊन जागले. अशा रात्री पालावर उतरलेल्या माणसाने काय करायचे? १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसे आठवडी बाजारात आली होती. मुले पळवणारी टोळी फिरते आहे ही अफवा मोबाईलवर आधीच पोचली होती. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून त्यांना ठार मारले गेले. अफवा पाठवणारे निरक्षर नव्हते. निरक्षराला ती पाठवता आली नसती.

म्हणून कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी रात्रीच्या सभेत विषय काढायचा तर आकाशापासून काढावा. साध्या ड्रोनची बॅटरी अर्ध्या तासाच्या आसपास पुरते. दोन तास एकाच ठिकाणी दिसणारा दिवा ड्रोनचा नसतो. घराच्या कौलाची किंवा झाडाच्या फांदीची खूण धरून पाहावे: तारा किंवा ग्रह असेल तर तासाभरात पश्चिमेकडे सरकतो, हात लांब करून धरलेल्या वितीपेक्षा थोडा कमी. विमानाला लाल-हिरवे दिवे असतात आणि त्याचे काही दिवे लुकलुकतात. न लुकलुकता सरळ जाणारा आणि मध्येच विझणारा ठिपका उपग्रहाचा. विझत नाही, पृथ्वीच्या सावलीत शिरतो. माळेसारखी दिव्यांची रांग दिसली तर ती २०१९ पासून सोडल्या जाणाऱ्या स्टारलिंक उपग्रहांची असण्याचा संभव फार. आणि हैदराबादच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या केंद्रातून सोडलेले फुगे वाऱ्याने महाराष्ट्राच्या सीमेवरच्या जिल्ह्यांकडेही येतात. सूर्य मावळल्यावर खाली अंधार असतो तेव्हा ते वर उन्हात चमकत असतात. त्यांची उपकरणे मोठ्या रंगीत छत्रीला लटकून शेतात उतरतात. ती उघडू नयेत, जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा टपाल कार्यालयात कळवावे. कळवणाऱ्याला बक्षीस मिळते.